उंबरा ते उंबरा : नाशिक–न्यू जर्सीचे खरे अंतर

मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन शहरांमधील हवाई अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर आहे. मध्ये कोठेही न थांबणारे विमान हे अंतर साधारण सोळा तासांत कापते. न्यू जर्सीतील नेवार्कचा विमानतळ न्यूयॉर्कला लागूनच असल्यामुळे त्यालाही हेच आकडे लागू पडतात. नाशिकमधील अनेक घरांत हे आकडे आता पाढ्यांसारखे पाठ झाले आहेत. कॉलेज रोड असो, गंगापूर रोड असो की इंदिरानगर, प्रत्येक सोसायटीत एखाद्या तरी घराचा मुलगा किंवा मुलगी एडिसन, प्रिन्स्टन वा जर्सी सिटीला असते. न्यू जर्सीत मराठी माणसांची वस्ती मोठी आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाचे २०२२ चे अधिवेशनही तेथील अटलांटिक सिटीत भरले होते.

अशा घरांतील आई-वडील प्रवासापूर्वी माझ्या दवाखान्यात येतात. रक्तदाब मोजून घेतात, सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून घेतात आणि उठता उठता विचारतात, “डॉक्टर, सोळा तासांचाच तर प्रवास आहे. जाऊ ना आम्ही?”

बहुतेकांना मी आनंदाने ‘जा’ म्हणतो. मात्र ‘सोळा तास’ हा शब्द आधी दुरुस्त करून घेतो. तो आकडा एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंतचा आहे. माणूस प्रवास करतो तो आपल्या उंबऱ्यापासून मुलाच्या उंबऱ्यापर्यंत. आणि त्याचे शरीर तर त्याच्याही मागून, काही दिवसांनी तेथे पोहोचते. प्रवास सुखाचा व्हायचा असेल, तर या सर्व अंतरांचा हिशेब घर सोडण्यापूर्वी मांडावा लागतो.

नकाशावरची वाट

भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडले, तर रेघ अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाऊन अटलांटिक महासागर ओलांडते. विमानाची सर्वांत जवळची वाट मात्र तशी नाही. नातवंडांचा पृथ्वीगोल घ्या आणि या दोन शहरांवर एक दोरा ताणून धरा. तो दोरा वायव्येकडे सरकतो, पाकिस्तान आणि मध्य आशियावरून रशियात शिरतो, स्कँडिनेव्हियावरून आइसलंडच्या जवळ जातो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला स्पर्श करतो आणि कॅनडावरून खाली न्यूयॉर्कला उतरतो. गोल पृथ्वीवर सरळ वाट ही अशी वाकडी दिसते.

प्रत्यक्षात विमाने या दोऱ्यावर तंतोतंत चालत नाहीत. वारा, हवामान आणि देशोदेशींच्या आकाशातील परवानग्या पाहून रोजचा मार्ग ठरतो. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात; म्हणून अमेरिकेला जाताना वेळ अधिक लागतो आणि परत येताना तो साधारण दीड तासाने कमी होतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले, तेव्हा उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेकडे जाणारी अनेक उड्डाणे लांबली आणि काहींना वाटेत इंधनासाठी उतरावे लागले. म्हणून तिकिटावरील वेळ हा अंदाज समजावा. औषधे आणि खाणे त्याहून किमान अर्ध्या दिवसाचे अधिक जवळ ठेवावे.

घाटाच्या अलीकडे

नाशिकला विमानांचे अप्रूप नाही. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग तयार झाले, सुखोई तयार झाले. ओझरहून देशातील काही शहरांना प्रवासी विमानेही जातात. पण अमेरिकेला निघालेले बहुसंख्य नाशिककर आजही मुंबईची वाट धरतात.

ही वाट फार जुनी आहे. शहराबाहेर पडताना दिसणाऱ्या पांडवलेण्यांतील शिलालेखांत दूरदेशींहून आलेल्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत स्वतःला यवन म्हणवणारा उत्तरेकडचा एक दाताही आहे. विल्होळी, वाडीवऱ्हे, गोंदे, घोटी अशी गावे मागे टाकत रस्ता इगतपुरीला येतो आणि पुढे थळ घाट, म्हणजे आपला कसारा घाट, सह्याद्रीवरून कोकणात उतरतो. या घाटातून रेल्वे सुरू झाली १८६५ साली. आता समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आहे आणि जवळजवळ आठ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून मोटार घाटाची वळणे न घेता खाली उतरते. घाट सोपा झाला. भिवंडी आणि ठाण्याची कोंडी मात्र आहे तिथेच आहे. पावसाळ्यात तर ती कोणालाच सांगून येत नाही.

आता बेरीज करू. नाशिकच्या घरापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत चार तास, वर एक तास हाताशी राखलेला. उड्डाणापूर्वी विमानतळावर तीन ते चार तास. विमानात सोळा. पलीकडे इमिग्रेशन, सामान आणि कस्टम्स यांसाठी दोन तास. तेथून मुलाच्या घरापर्यंत एक. हे झाले सत्तावीस-अठ्ठावीस तास. वाटेत आखातात किंवा युरोपात विमान बदलायचे असेल, तर पस्तीसपर्यंतही जातात. विमान ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास उडते. पण उंबऱ्यापासून मोजले तर आपला वेग ताशी पावणेपाचशेच्या वर जात नाही.

ही बेरीज केवळ गंमत म्हणून केलेली नाही. चार तासांपेक्षा अधिक काळ एका जागी बसून केलेल्या प्रवासात पायाच्या खोल शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या संशोधन प्रकल्पात आढळले. हे विमानाला जसे लागू आहे तसेच मोटार, बस आणि रेल्वेलाही. म्हणजे गुठळीचे घड्याळ मुंबईला सुरू होत नाही. ते द्वारका चौकातच सुरू झालेले असते. निरोगी माणसात हा धोका फार लहान आहे, साधारण सहा हजारांत एक. तो वाढतो कोणात? पूर्वी गुठळी झालेल्यांत, अलीकडे मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांत, कर्करोगाचे उपचार चालू असणाऱ्यांत, गर्भवती आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांत, संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत आणि फार स्थूल व्यक्तींत. मुलीच्या बाळंतपणासाठी निघालेल्या आईने स्वतःच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला किती आठवडे झाले, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

उपाय साधे आहेत. घोटी किंवा शहापूरला गाडी थांबवून पाच मिनिटे चालावे. विमानात दर दीड-दोन तासांनी उठावे. उठता आले नाही तर बसल्या जागी टाचा आणि चवडे आळीपाळीने उचलावेत, म्हणजे पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. पायांशी पिशव्या रचून जागा अडवू नये. ज्यांचा धोका अधिक आहे त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने योग्य मापाचे दाबाचे मोजे घालावेत. ‘रक्त पातळ राहावे’ म्हणून शेजाऱ्याने दिलेली ॲस्पिरिन आपल्या मनाने घेऊ नये. झोपेची गोळीही टाळावी. गुंगीत माणूस सहा-सहा तास हलत नाही. प्रवासानंतरच्या काही आठवड्यांत एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, किंवा अचानक धाप लागली वा छातीत दुखले, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

कळसूबाईहून उंच

घोटीजवळून आकाश निरभ्र असताना कळसूबाईचे शिखर दिसते. ते १,६४६ मीटर उंच आहे आणि महाराष्ट्रात त्याहून उंच जागा नाही. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उडत असले तरी आतील हवेचा दाब यंत्रांनी राखलेला असतो. पण तो जमिनीइतका नसतो. १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर जेवढी विरळ हवा असते, तेवढी ती असते. म्हणजे नाशिकच्या आजीबाई सोळा तास कळसूबाईच्या माथ्यावरूनही थोड्या उंच जागी बसलेल्या असतात, आणि त्याही जेवण करून, पाय लोंबकळत ठेवून.

निरोगी माणसाला हे जाणवत नाही. त्याच्या रक्तातील ऑक्सिजन ९७ वरून ९२-९३ पर्यंत उतरला तरी शरीर ते सांभाळून घेते. पण ज्यांना दमा आहे, फुप्फुसांचा जुना आजार आहे, हृदय दुर्बल आहे किंवा रक्त फार कमी आहे, त्यांच्यापाशी ही शिल्लक नसते. घरच्या घरी करता येणारी एक ढोबळ परीक्षा आहे. सपाटीवर पन्नास मीटर चालणे किंवा एक मजला चढणे धाप न लागता जमते का, ते पाहावे. जमत नसेल तर तिकीट काढण्यापूर्वी तपासणी करावी. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल, पोटाची किंवा छातीची शस्त्रक्रिया झाली असेल, तर किती दिवस थांबायचे ते त्या त्या तज्ज्ञाला विचारावे. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत आत वायूचा बुडबुडा सोडला असेल, तर तो पूर्ण विरेपर्यंत विमानात बसू नये. उंचीवर वायू प्रसरण पावतो आणि डोळ्यातील दाब वाढून दृष्टी जाऊ शकते. याच प्रसरणामुळे पोट फुगते. म्हणून निघण्याच्या दिवशी उसळी, कोबी आणि सोडा-पेये वर्ज्य करावीत. लेकीसाठी बांधून घेतलेला कोंडाजीचा चिवडा वाटेत संपवू नये.

आतील हवा फार कोरडी असते. आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. पाणी थोडे थोडे, पण आठवणीने प्यावे. ‘सारखे उठावे लागेल’ म्हणून पाणी न पिणाऱ्या स्त्रिया मी पुष्कळ पाहतो. त्यांना मी सांगतो, आडवाटेची सीट मागून घ्या आणि उठावे लागले तर उठा. त्या उठण्यानेच पाय मोकळे होतात.

घड्याळातले अंतर

नाशिकचे घड्याळ मुळात नाशिकचे नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे. नाशिक त्याच्या बरेच पश्चिमेला असल्यामुळे येथील सूर्य घड्याळापेक्षा सुमारे ३५ मिनिटे मागे असतो. प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली, तरी मुंबईने ३९ मिनिटे मागे असलेली आपली ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत टिकवून धरली होती. तेवढ्या फरकाने कोणाची झोप उडत नाही. न्यू जर्सीचे घड्याळ मात्र उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. आपल्या दिवेलागणीला तेथे सकाळचा चहा होत असतो.

तिकिटावर हा फरक लपून जातो. समजा, विमान मुंबईहून रात्री एक वाजता सुटले आणि सोळा तासांनी उतरले, तर उन्हाळ्यात नेवार्कला सकाळचे साडेसात वाजलेले असतात. घड्याळाच्या लेखी साडेसहाच तास गेले. शरीराच्या लेखी मात्र तेव्हा संध्याकाळचे पाच वाजलेले असतात, आणि समोर नुकताच उजाडलेला दिवस उभा असतो.

डॉ. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवसांचा तो प्रवास अठरा वर्षांच्या मुलीने घरचे कोणीही सोबत नसताना केला. त्या प्रवासात हालअपेष्टांना तोटा नव्हता. एक गोष्ट मात्र त्यांच्या शरीराला सोसावी लागली नाही. दोन शहरांच्या सूर्यांतील जवळजवळ अकरा तासांचा फरक अठ्ठावन्न दिवसांत वाटला गेला, म्हणजे दिवसाला अकरा-बारा मिनिटे. एवढा बदल शरीर नकळत पचवते. आपण तोच फरक एका रात्रीत ओलांडतो.

मेंदूच्या तळाशी पेशींचा एक छोटा पुंजका आहे. झोप, भूक, शरीराचे तापमान आणि संप्रेरके यांचा दिनक्रम तो चालवतो. पेशींच्या आतील या घड्याळाची रचना उलगडणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले. हे घड्याळ मुख्यतः डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशाने जुळते आणि ते सावकाश जुळते. पश्चिमेकडे गेल्यावर दिवसाला साधारण दीड तास, पूर्वेकडे आल्यावर दिवसाला सुमारे एक तास. त्यावरून न्यू जर्सीला गेल्यावर सहा-सात दिवस आणि नाशिकला परतल्यावर नऊ-दहा दिवस, असा हिशेब निघतो. यालाच आपण जेट लॅग म्हणतो.

पहिला आठवडा म्हणून जपावा. दिवसा बाहेर उजेडात चालावे, जेवण तेथील वेळेवर घ्यावे, दुपारची डुलकी अर्ध्या तासापलीकडे जाऊ देऊ नये. आणखी एक काळजी घ्यावी. रात्री दोनला टक्क जाग आलेले आजोबा परक्या घरात स्वच्छतागृह शोधू लागतात. तेथील बऱ्याच घरांत झोपायच्या खोल्या वरच्या मजल्यावर असतात आणि जिने गालिच्याचे. मुलांनी पहिल्या दिवसापासून जिन्यापाशी रात्रदिवा लावावा, शक्य असेल तर आई-वडिलांची झोपण्याची सोय खालीच करावी. खुब्याचे हाड मोडण्यासाठी एक पायरी पुरते.

गोळ्यांचा दिवस किती तासांचा?

उन्हाळ्यात अमेरिकेला जाताना प्रवासाचा तो दिवस साडेतेहतीस तासांचा होतो. परतताना तो साडेचौदा तासांवर येतो. रोज एक घ्यायची रक्तदाबाची वा थायरॉइडची गोळी काही तास मागेपुढे झाली, तर सहसा बिघडत नाही. इन्सुलिन, फिट्सवरची औषधे आणि रक्त पातळ करणारी औषधे यांबाबत मात्र असे चालत नाही. लांबलेल्या दिवसात इन्सुलिन कमी पडू शकते. आखडलेल्या दिवसात दोन मात्रा एकमेकींवर येऊन साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. म्हणून तिकिटाची प्रत घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि कोणती मात्रा भारतीय वेळेनुसार किती वाजता, हे कागदावर मांडून घ्यावे. पोहोचेपर्यंत हातातील घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवावे. मोबाइल मात्र स्वतःहून वेळ बदलतो, हे ध्यानात असू द्यावे.

इन्सुलिन आणि सर्व औषधे हातातील बॅगेतच असावीत. विमानाच्या पोटात ठेवलेल्या सामानात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते, आणि सामान चुकले तर औषधेही त्याच्याबरोबर जातात. गोळ्या मूळ वेष्टनात ठेवाव्यात. औषधांची मूळ नावे लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी सोबत असावी, कारण आपल्याकडील व्यापारी नावे तेथील डॉक्टरांना ओळखता येत नाहीत. प्रवासाचा विमा घेताना जुने आजार लपवू नयेत. लपवलेल्या आजाराचा खर्च नेमका नको त्या वेळी अंगावर येतो.

उलटे अंतर

आतापर्यंतचा हिशेब येथून तेथे जाणाऱ्यांचा झाला. तेथून येथे येणाऱ्यांचा हिशेब वेगळा असतो आणि तो अनेकदा मध्यरात्रीच्या फोनने सुरू होतो.

मुलगा किंवा मुलगी पंधरा दिवसांच्या सुट्टीवर येते, तेव्हा पहिले नऊ-दहा दिवस तिचे शरीर न्यू जर्सीच्या वेळेनेच चालते. ‘आल्यापासून नीट बोलत नाही, जेवताना पेंगतो’ अशी आईची तक्रार असते. त्याचा विषाद मानू नये. त्या क्षणी त्याच्या मेंदूत पहाटेचे तीन वाजलेले असतात. आल्या दिवशी सत्यनारायण आणि दुसऱ्या दिवशी त्र्यंबकेश्वर असा बेत आखू नये. विमानातून उतरून स्वतः गाडी चालवत नाशिकला येण्याचा उत्साह तर मुळीच दाखवू नये. झोपेविना चोवीस तास काढलेल्या माणसाच्या हाती चाक देणे, हे मद्यपीच्या हाती देण्यासारखेच आहे.

पण काही वेळा सुट्टी नसतानाच निघावे लागते. वडिलांना अतिदक्षता विभागात ठेवलेले असते आणि मुलगा फोनवर एकच विचारतो, “डॉक्टरकाका, निघू का?” या प्रश्नाला नाशिकमध्ये राहणाऱ्या मुलासाठी उत्तर सोपे आहे. न्यू जर्सीतील मुलासाठी ते अंतरावर अवलंबून असते. पुढचे विमान मिळेपर्यंत सहा ते बारा तास, घरून विमानतळ आणि तेथील प्रतीक्षा चार तास, हवेत साडेचौदा, मुंबईत बाहेर पडायला दीड-दोन, रस्त्याने चार. सारे जमून आले तरी तीस-पस्तीस तास. त्यात कोणाचे ओसीआय कार्ड सापडत नाही, कोणाच्या व्हिसावरील शिक्क्याची मुदत संपलेली असते आणि आलो तर परत नोकरीवर जाता येईल का, हा प्रश्न आ वासून उभा राहतो. ‘आता लगेच निघ’ असे सांगितलेला मुलगा दुसऱ्या दिवशी उशिरा, नाहीतर तिसऱ्या दिवशी पोहोचतो. गंभीर आजार इतका वेळ थांबेल, याची हमी कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही.

मग घरात तंटे सुरू होतात. मुलगा येईपर्यंत व्हेंटिलेटर चालू ठेवायचा का? देह शवागारात ठेवायचा का? अग्नी कोणी द्यायचा? येथे असलेली मुलगी किंवा पुतण्या रात्रंदिवस राबलेला असतो. निर्णय मात्र बारा हजार किलोमीटरवरून मागवला जातो. लांब असलेल्याच्या मनातील अपराधभाव कधी कधी येथील डॉक्टरांवर आणि भावंडांवर रागाच्या रूपाने निघतो. तो राग कोणा माणसावर नसतो. तो अंतरावर असतो. हे दोन्ही बाजूंनी ओळखले तर पुष्कळ नाती वाचतात.

यावर औषध एकच आहे : बोलणे, आणि तेही सर्व धडधाकट असताना. नाशिकमध्ये निर्णय कोण घेणार हे एका व्यक्तीच्या नावाने ठरवावे. त्या व्यक्तीने इतरांना कळवावे आणि इतरांनी तिच्यावर विश्वास ठेवावा. आजार असाध्य झाला तर आपल्याला कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आई-वडिलांनी स्वतः सांगावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असे वैद्यकीय इच्छापत्र मान्य केले आहे आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली आहे. दोन साक्षीदारांसमोर ते करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे नोंदवता येते. अंत्यविधीसाठी थांबायचे की नाही, हेही त्यांनीच सांगून ठेवावे. “माझ्यासाठी कोणी ताटकळू नका, जो जवळ असेल त्याने अग्नी द्यावा,” असे एका वाक्यात सांगणाऱ्या वृद्धा मी पाहिल्या आहेत. त्या एका वाक्याने मागे राहिलेल्यांच्या छातीवरचा केवढा दगड उतरतो! गोदावरीच्या रामकुंडावर दूरदूरच्या गावांहून लोक अस्थी घेऊन येतात. उशिरा पोहोचणाऱ्यांना या शहराने नेहमीच जागा दिली आहे. दशक्रियेला पोहोचलेला मुलगाही मुलगाच असतो.

आणि ‘निघू का?’ या प्रश्नाला माझे खरे उत्तर वेगळेच असते. ते फोन येण्याच्या फार आधी द्यायचे असते. वडिलांचे हृदय दुर्बल झाले आहे, आईची मूत्रपिंडे थकली आहेत, असे निदान झाले की मी तेथील मुलांना सांगतो, ‘शेवटच्या फोनची वाट पाहू नका. त्यांना बोलता येते आहे, तुमच्याबरोबर पेलाभर चहा घेता येतो आहे, तोवर या. पंधरा दिवस या. पहिले दहा पेंगत काढा, पण शेवटचे पाच पूर्ण जागे राहा.’ असे येऊन गेलेला मुलगा पुढे अंतिम क्षणी पोहोचू शकला नाही, तरी त्याला रुखरुख कमी लागते, आणि आई-वडिलांचे तर समाधानच झालेले असते.

मुंबई–न्यूयॉर्क हे १२,५५० किलोमीटर कोणी कमी करू शकत नाही. बोगदे होतील, विमाने थोडी वेगवान होतील, ओझरहूनही कदाचित एक दिवस परदेशी उड्डाणे सुटतील. त्यातून एखाद-दोन तास वाचतील. तोपर्यंत, आणि त्यानंतरही, उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंतचा एक पूर्ण दिवस आणि त्यावर शरीराचा एक आठवडा, हे अंतर धरूनच आपल्या घरांनी आपले बेत करावेत. येत्या रविवारी संध्याकाळी साडेसातला तेथे सकाळ असेल. फोन लावाल तेव्हा हवापाण्याची चौकशी झाल्यावर ‘पुढच्या वेळी कधी येतोस?’ हे विचारून तारीख तेवढी ठरवून घ्या.